अटक म्हणजे स्पर्श

एखाद्या माणसाला अटक करणे म्हणजे नेमके काय करणे, असे चौकात उभ्या असलेल्या दहा जणांस विचारले, तर त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गचांडी धरून गाडीकडे ओढत नेला जाणारा मनुष्य उभा राहील, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांच्या मनासही शिवणार नाही. कायद्याने या कृतीचे जे वर्णन केले आहे ते मात्र इतके संयत आहे की, प्रथमच वाचणाऱ्यास नवल वाटावे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, पुढे १९७३ च्या संहितेत आणि आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये हे शब्द जवळजवळ तसेच चालत आले आहेत: अटक करणाऱ्याने त्या व्यक्तीच्या शरीरास प्रत्यक्ष स्पर्श करावा किंवा तिला अडवून धरावे, आणि तिने शब्दाने अथवा कृतीने स्वतःस ताब्यात दिले असेल, तर तेवढ्या स्पर्शाचेही कारण उरत नाही. स्त्रीच्या बाबतीत तर, अटक होत असल्याचे तोंडी सांगताच ती ताब्यात आली असे गृहीत धरावयाचे असते, आणि तशीच परिस्थिती ओढवल्यावाचून महिला पोलिसाखेरीज कोणी तिच्या अंगास हात लावावयाचा नसतो.

या एका कलमात किती गोष्टी सामावल्या आहेत, हे अलीकडे पसरलेल्या एका फसवणुकीवरून ध्यानात यावे. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशातला कोणी इसम दिसतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका’ असे दरडावतो, आणि सुशिक्षित निवृत्त माणसे आयुष्यभराची पुंजी त्याच्या हवाली करतात. शरीरास स्पर्श किंवा प्रत्यक्ष ताबा यांवाचून अटक संभवतच नाही, एवढे जरी ठाऊक असते तरी ही माणसे वाचली असती.

परंतु मला लिहावयाचे आहे ते किरकोळ गुन्ह्यांविषयी: हातगाडी रस्त्यात उभी केली, सार्वजनिक जागी आरडाओरड केली, शेजाऱ्याशी बांधावरून वा नळावरून हातघाईवर आले, दुकान ठरल्या वेळेपेक्षा उशिरापर्यंत उघडे ठेवले, किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलमांवरून पोलिसांच्या बोलीत ज्यास ‘एकशे दहा–एकशे सतरा लावली’ म्हणतात तसल्या प्रकरणांविषयी. खुनाच्या आरोपीस वकील मिळतो, वृत्तपत्रांचे त्याच्याकडे लक्ष असते आणि वरिष्ठ अधिकारीही तेथे जातीने हजर असतात. किरकोळ गुन्ह्यातला माणूस मात्र ठाण्याच्या एका कोपऱ्यात भिंतीशी उकिडवा बसलेला असतो, त्याची नोंद सायंकाळपर्यंत कोठे झालेली नसते, आणि दोन थपडा खाऊन तो घरी परतला की ‘सुटलो’ म्हणून आनंदच मानतो. २०२० च्या जून महिन्यात तामिळनाडूतील सातानकुलम येथे एका पितापुत्रास टाळेबंदीच्या काळात दुकान नेमून दिलेल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून ताब्यात घेण्यात आले आणि रात्रभराच्या मारहाणीनंतर थोड्याच दिवसांत ते दोघेही मरण पावले. त्या रात्री ठाण्यात कामावर असलेल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने आपल्या वरिष्ठांविरुद्ध न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे निर्भयपणे जबाब दिला, म्हणून त्या प्रकरणाला वाचा फुटली. अपराध केवढा आणि त्याची किंमत केवढी, यांतील हे अंतर ज्यास अस्वस्थ करते त्याच्यासाठी पुढील मजकूर आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, किरकोळ गुन्ह्यात बळाचा प्रश्न उद्भवण्याच्या आधी अटकेचाच प्रश्न उद्भवतो. गुन्हा अदखलपात्र असेल तर वॉरंटावाचून अटक करता येत नाही. अपवाद एवढाच की, पोलिसाच्या देखत तसा गुन्हा करून नाव-पत्ता सांगण्याचे नाकारले किंवा खोटा सांगितला, तर तो पडताळून पाहण्यापुरते अडकवून ठेवता येते. म्हणून नाव आणि पत्ता बिनतक्रार व खरा सांगावा. गुन्हा दखलपात्र आहे, परंतु त्यास सात वर्षांपर्यंतचीच शिक्षा आहे, अशा वेळी अटक का आवश्यक आहे याची कारणे लेखी नमूद करावी लागतात; तशी निकड नसेल तर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास, वेगळी कारणे नोंदविल्यावाचून, अटक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निर्णयात हे बजावले, २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निर्णयात पुन्हा बजावले, आणि २०२५ च्या जानेवारीत असेही स्पष्ट केले की ही नोटीस व्हॉट्सॲपवर धाडून भागणार नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी साठी उलटलेला किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यावी लागते, ही नवी तरतूद आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस आवर्जून सांगावी.

‘साहेबांनी बोलावलंय, जरा चौकशीला चला’ हे आपल्याकडील सर्वांत नित्याचे वाक्य. त्यास उत्तर उद्धटपणे देऊ नये, पण विचारावे अवश्य: ‘अटक आहे का नोटीस? नोटीस असेल तर मी आजच सही करून घेतो.’ या प्रश्नाने शिपायालाही आपले काम कोणत्या कागदाखाली चालले आहे याचा विचार करावा लागतो, आणि तसा विचार सुरू झाला की हात आपोआप आवरता घेतला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता बळाविषयी. ज्या इसमास अटक करावयाची तो जोराने विरोध करू लागला किंवा निसटू पाहू लागला, तर आवश्यक ती सर्व साधने वापरण्याची मुभा पोलिसास आहे. येथे ‘सर्व’ हा शब्द ठाण्यात सर्वांस पाठ असतो. ‘आवश्यक’ हा मात्र विसरला जातो. कलम ४६ म्हणते की, पळून जाऊ न देण्यासाठी लागेल त्याहून अधिक जखडू नये. म्हणजे बळाचे मोजमाप गुन्हेगाराच्या पापावर, त्याच्या तोंडाळपणावर किंवा पोलिसाच्या संतापावर ठरत नसून त्या क्षणीच्या प्रतिकारावर ठरते. प्रतिकार संपला की बळाचा अधिकारही संपला. मनुष्य हाती लागून खाली बसल्यावर जी पहिली थप्पड पडते ती अटकेचा भाग नव्हे, शिक्षा होय, आणि शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याने पोलिसास दिलेलाच नाही. कबुलीजबाबासाठी मारले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. आणि पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात येत नाही, हा नियम तर १८७२ पासून चालत आलेला आहे.

बेडीचेही तेच. १९८० साली प्रेमशंकर शुक्ला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेडी ही सकृद्दर्शनी अमानुष ठरविली आणि तिचे लेखी समर्थन मागितले. महाराष्ट्रातल्या एका कच्च्या कैद्याची बेड्या घालून, दोरीने दंड बांधून भर रस्त्यातून धिंड काढली, त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने देवविलेली दहा हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली कायम केली. नव्या संहितेने खून, बलात्कार, दहशतवादी कृत्य, मादक पदार्थांचे गुन्हे आणि पुन्हा पुन्हा गुन्हे करणारे सराईत अशांसाठी बेडीची वाट मोकळी केली आहे खरी. पण रस्त्यात गाडी लावणारा भाजीवाला त्या यादीत बसत नाही.

या ठिकाणी एका जुन्या प्रसंगाची आठवण सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. मी तालुक्याच्या न्यायालयात नव्याने वकिली करीत होतो. पेरू विकणारा एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा एका दुपारी हजर करण्यात आला; गाडी हलविण्यावरून शिपायाशी बाचाबाची झाली होती आणि रस्त्यातील अडथळ्याच्या जोडीला सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलमही लागले होते. त्याची आई दाराशी उभी होती, आणि तिच्या हातातल्या कापडी पिशवीत तराजूची लोखंडी वजने होती. गाडी जप्त झाली तेव्हा तेवढीच तिला उचलता आली होती. न्यायदंडाधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ मुलगा म्हणाला, ‘नाही साहेब.’ पुढचा प्रश्न त्याच्या नावाविषयी होता. त्यालाही तो ‘नाही साहेब’ म्हणाला. कारकुनाची लेखणी रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ असे उतरवून मोकळी झाली होती. माझ्याशेजारी बसलेले एक वृद्ध वकील, ज्यांचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘महाराज, याला उजव्या बाजूने विचारावे. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.’ तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले की तो मुलगा मघापासून मान तिरकी धरून, डाव्या कानावर तळवा ठेवून उभा होता. मी त्यास लाजाळूपणा समजलो होतो. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला व्यासपीठाच्या कडेशी बोलाविले, शिपायांना दाराबाहेर उभे राहण्यास सांगितले, आणि तोच प्रश्न सावकाश, मोठ्याने विचारला. मुलाने हळूच उत्तर दिले. कानशिलात बसलेल्या एकाच थपडेने कानाचा पडदा फाटला होता. रोजनाम्यातली ओळ खोडली गेली, तिच्या जागी दोन ओळी आल्या, आणि त्याच सायंकाळी जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कागदावर कानाच्या पडद्याचे लहानसे चित्र काढून त्यात भोक कोठे आहे ते दाखविले. फौजदारी शिक्षा कोणाला झाली नाही. परंतु खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढ रोखली गेली, आणि ती ज्या आधारावर झाली तो आधार म्हणजे त्या दोन ओळी व ते चित्र एवढाच होता.

म्हणून, ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने काय करावे याचा विचार मी दोन वेळांत वाटून सांगतो: हात पडत असतानाची वेळ आणि त्यानंतरची वेळ. पहिल्या वेळी शरीराने प्रतिकार करू नये. अटक अन्यायाची असली तरी ढकलाढकली करू नये, शिपायाच्या गणवेशास वा काठीस हात घालू नये, पळू नये. कारण अधिकाराच्या आवरणाखाली सद्भावनेने काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध खासगी संरक्षणाचा हक्क, मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती असल्याखेरीज, कायदा देत नाही, आणि एका झटापटीने शे-दोनशे रुपयांच्या दंडाचे प्रकरण अजामीनपात्र होऊन बसते. दोन्ही तळहात दिसतील असे ठेवावेत आणि मोठ्याने, आजूबाजूच्यांस ऐकू जाईल असे, ‘मी येतो, मी विरोध करीत नाही’ असे म्हणावे. हे वाक्य दुबळेपणाचे नाही. कलम ४३ मधील ‘शब्दाने ताब्यात देणे’ ते हेच, आणि ते ऐकणारा प्रत्येक मनुष्य पुढे साक्षीदार होऊ शकतो. अधिकाऱ्याच्या छातीवरील नावाची पट्टी वाचावी. ती स्पष्ट दिसेल अशी लावणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. मदतीस धावणाऱ्या नातलगांनी व मित्रांनीही हात बांधून ठेवावेत. चित्रण करावयाचे असेल तर दूर उभे राहून करावे, आणि घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवावे.

दुसरी वेळ ठाण्यात सुरू होते, आणि तीत एकेक कागद मागून घ्यावयाचा असतो. १९८६ साली पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत करणाऱ्या एका संस्थेचे कार्यकारी अध्यक्ष दिलीपकुमार बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे एक पत्र सरन्यायाधीशांस धाडले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिच्यातून जे अकरा निर्देश निघाले ते आता बहुतांशी संहितेतच उतरले आहेत. अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे, त्यावर कुटुंबातील किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित अशा एका साक्षीदाराची आणि आरोपीची सही पाहिजे. सही करण्यापूर्वी त्यातली वेळ वाचावी, कारण सकाळी दहाला उचललेल्या माणसाची अटक रात्री आठला दाखविली की मधले दहा तास कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत, आणि मारहाण बहुधा याच बेहिशेबी तासांत होते. वेळ चुकीची असेल तर सहीशेजारीच खरी वेळ लिहावी. अटकेची कारणे लेखी, आणि आपणास समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला आहे. नातलगास वा मित्रास कळविणे, वकिलाची भेट, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, आणि जामीनपात्र गुन्हा असल्यास जामीन मागण्याचा हक्क असल्याचे सांगणे, ही पोलिसांची कर्तव्ये आहेत. जामीनदार मिळत नसेल इतका मनुष्य निर्धन असेल तर जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. वकील नसेल तर कोठडीतील प्रत्येकास मोफत विधिसाहाय्याचा हक्क आहे. घरच्यांनी १५१०० हा क्रमांक फिरवावा.

वैद्यकीय तपासणी हा या साऱ्यांतील मर्मभाग आहे, आणि तिथेच सर्वाधिक घाई होते. कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरच वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून दुखापती व त्यांची अंदाजे वेळ लिहावयाची असते आणि त्याची प्रत आरोपीस वा त्याने नेमलेल्या व्यक्तीस द्यावयाची असते. प्रत्यक्षात डॉक्टर ‘काही त्रास?’ असे मान वर न करता विचारतात, शेजारी शिपाई उभा असतो, आणि मनुष्य ‘नाही’ म्हणतो. तेथे लाज व भीती बाजूला ठेवून तळपाय, मांड्या, पाठ उघडी करून दाखवावी. कोणी, केव्हा, हाताने का पट्ट्याने, हे सांगावे. ऐकू कमी येत असेल, चक्कर येत असेल, लघवीचा रंग बदलला असेल तर तेही सांगावे, कारण मुका मार कातडीवर दिसेलच असे नाही आणि स्नायूंना बसलेला जबर मार मूत्रपिंडावर बेततो. सुटका झाल्यावर दुसऱ्या सरकारी रुग्णालयात जाऊन पुन्हा केसपेपर काढावा, वळ काळेनिळे होत जातात तसतशी रोज छायाचित्रे घ्यावीत, आणि रक्त लागलेला सदरा धुऊ नये.

नातलगांइतकेच हे लिखाण तिऱ्हाईतांसाठीही आहे, विशेषतः ज्यांना रस्त्यातून पंच म्हणून बोलाविले जाते त्यांच्यासाठी. १९८९ च्या सप्टेंबरात गुजरातेतील नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांस पोलिसांनी एका प्रकरणाचे कागद पाहण्याच्या निमित्ताने ठाण्यात बोलाविले, बळाने मद्य पाजले, बेड्या घातल्या, जाड दोराने अंग बांधले, आणि दारूबंदीच्या गुन्ह्यातला आरोपी म्हणून रुग्णालयाच्या ओसरीत लोकांना दिसेल असे बाकावर बसवून त्यांची छायाचित्रे काढू दिली. ते मद्यधुंद होते असा पंचनामा झाला, आणि त्यावर सही होती एका मामलतदाराची. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाबद्दल पोलीस निरीक्षकास सहा महिन्यांचा कारावास दिला, तेव्हा त्या मामलतदारासही तुरुंगवास सुनावला. जेथे न्यायाधीशाची ही गत, तेथे पेरूवाल्याची काय कथा, हे मनात येतेच. पण मला त्या सहीचे अधिक वाटते. न पाहिलेले पाहिले असे लिहिणाऱ्या त्या एका सहीवाचून तो बनाव कागदावर उभाच राहिला नसता. म्हणून कोऱ्या वा अर्धवट पंचनाम्यावर सही करू नये, वाचल्यावाचून करू नये, आणि जे समक्ष घडले नाही ते वगळावयास सांगावे.

आणि एक गोष्ट मी मन घट्ट करून लिहितो. ठाण्यात होणाऱ्या मारहाणीस आपलीच संमती असते. मोलकरणीवर चोरीचा संशय आला की ‘साहेब, जरा दम द्या, दोन ठेवून द्या म्हणजे बोलेल’ असे सांगणारे आपणच; मुलगा वाया चालला म्हणून त्यास चौकीवर नेऊन ‘याला हिसका दाखवा’ म्हणणारे बापही आपल्यातच आहेत. बारा-चौदा तास बंदोबस्तात उभा राहून, सणासुदीला घर न पाहिलेला शिपाई हा आपल्याच चाळीत राहतो, आपल्याच बोलीत शिव्या देतो, आणि लोकांना काय हवे आहे हे तो लोकांकडूनच शिकतो. फिर्याद देताना ‘कोणावरही हात न टाकता तपास व्हावा’ एवढे वाक्य जर आपण स्वतः जबाबात लिहवून घेतले, तर पुढे कोण्या मोलकरणीचा कान वाचेल.

न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहिल्यावर ‘तक्रार नाही’ हे दोन शब्द विचारपूर्वक उच्चारावेत. मारहाण झाली असेल तर तेथेच सांगावे, पोलिसांना बाहेर उभे करावे अशी विनंती करावी, जखम दाखवावी, आणि सांगितलेले रोजनाम्यात उतरले का ते वकिलामार्फत पाहावे.

त्यानंतरचे काम चिकाटीचे आहे. पोलीस अधीक्षकांस वा आयुक्तांस लेखी तक्रार द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निर्णयानंतर महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन झाले आहे, आणि विहित पद्धत न पाळता झालेली अटक व जबर दुखापत या दोन्ही गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते. पोलिसांवर खटला लावण्याबाबत मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधील मुदतीचा मुद्दा हमखास निघतो, म्हणून सहा महिने उलटण्याच्या आत वकिलाचा सल्ला घ्यावा. या साऱ्यांच्याही आधी, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, एक अर्ज ठाण्यात द्यावा: अमुक तारखेस अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचे, प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराची खोली, व्हरांडा व कोठडी येथील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे चित्रण अठरा महिने जपावे असे सांगितले आहे, परंतु यंत्र बिघडले होते, जुने पुसले गेले, ही उत्तरे पुढे ऐकावयास मिळतात. मागणी तारखेनिशी लेखी असेल तर त्या उत्तरांचा जाब विचारता येतो. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यावी, तीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ठाण्यात घेण्यास नकार दिला तर तोच अर्ज त्याच दिवशी टपालाने पोचपावतीसह अधीक्षकांस रवाना करावा आणि टपालाची पावती केसपेपराला टाचून ठेवावी.